कोकणातून परदेशात क्रीडा पत्रकारिता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात गावी आले की सड्यावरच्या मैदानात, एसटी स्टँडवर, कधी लग्नाच्या मांडवातसुद्धा मला तेच प्रश्न विचारले जातात. विचारणारी मुलं-मुली सतरा ते चोवीस वयाची, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, काही रायगडातली. मी देवगड तालुक्यातली. इंग्लंडमध्ये क्रीडा पत्रकारितेचं एक वर्षाचं शिक्षण घेतलं, तिथेच एका क्रीडा डेस्कवर, म्हणजे खेळाच्या बातम्या तयार करणाऱ्या विभागात, दोन वर्षं काम केलं. आता मुंबईत राहून इथल्या आणि बाहेरच्या प्रकाशनांसाठी लिहिते. व्हिसाचे नियम आणि आकडे वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा बघा.

कोकणातल्या गावातून परदेशात क्रीडा पत्रकार होणं खरंच शक्य आहे का?

हो. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं तेव्हा ते विशीच्या आसपास होते, आणि ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघायचं. हे मी मुद्दाम सांगते. घरात मालवणी, शाळेत मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी अशा तीन भाषांत आपली मुलं वावरतात, पण ही आपली शिदोरी आहे असं त्यांना कुणी सांगत नाही.

मात्र बारावी, विमान, नोकरी अशी सरळ वाट इथे नाही. तिकडे जे टिकलेले मी पाहिले, त्या प्रत्येकाकडे जाण्याआधीच छापून आलेलं काम होतं. कुणाकडे दहा बातम्या, कुणाकडे शंभर.

मग सुरुवात कुठून करू?

वाडीच्या मैदानातून. माझी पहिली बातमी टेनिस बॉलच्या एका स्पर्धेची होती. आजी म्हणाली, "खेळ बघूचो असता, लिवूचो कसलो?" मी तिला बातमी वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "मगे हरलेल्या पोरांचा काय झाला?" बातमीत ते नव्हतं. तेव्हापासून हरलेल्या संघाच्या कप्तानाशी बोलल्याशिवाय मी मैदान सोडत नाही.

आपल्याकडे दिवाळीनंतर ते पाऊस लागेपर्यंत स्पर्धाच स्पर्धा असतात. मुंबईकर मंडळांचे चषक, रात्रीचे सामने, कबड्डी, बैलगाडा शर्यती. तिथे जा आणि शिस्तीने काम करा. स्कोअररच्या शेजारी बसा, वही त्याच्या वहीशी ताडून घ्या. नावं विचारून लिहा, कारण एकाच संघात तीन परब आणि दोन तांडेल असतात. सामना संपल्यापासून तीस मिनिटांत चारशे शब्द लिहून पूर्ण करायची सवय लावा. तिकडच्या डेस्कवर शेवटची शिट्टी वाजताना बातमी तयार लागते, आणि ही घाई वर्गात शिकून येत नाही, सराव करूनच येते.

कबड्डीची बातमी लिहायला शिकणं मला सर्वांत उपयोगी पडलं. चढाई तीस सेकंदांची, तेवढ्यात डावा कोपरारक्षक पुढे सरकतो, साखळी मागे राहते, पकड फसते आणि दोन चढायांनंतर लोण बसतो, म्हणजे अख्खा संघ बाद होतो. हे सगळं नजरेत धरून क्रमाने मांडता आलं की पुढे फुटबॉलमध्ये बचावफळी कुठे फुटली तेही दिसायला लागतं.

बातमी तालुक्याच्या साप्ताहिकाला द्या, जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराला द्या. मानधन मिळेलच असं नाही. नाव मात्र छापून यायला हवं, त्यासाठी आग्रह धरा.

परदेशातला संपादक माझ्याकडून काय घेईल? त्यांच्याकडे लोक आहेतच की.

लॉर्ड्सच्या कसोटीचा वृत्तांत तो तुमच्याकडून घेणार नाही. तुमच्या पंचक्रोशीतलं जे त्याला दिसत नाही, ते घेईल. जांभ्याच्या कातळावर मैदान कसं तयार करतात, गडग्यापलीकडे चेंडू गेला की करवंदाच्या जाळीत किती वेळ शोधायचा याचे गावागणिक नियम कसे वेगळे असतात, मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेला कुठकुठून मुलं येतात, मच्छीमारांच्या मुलींना तलावातलं पोहणं का परकं वाटतं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोघांचेही कप्तान, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्या वेळी खो-खोची खेळी, पोल, आकाशात सूर मारून केलेला बाद हे सारं इंग्रजीत समजावून लिहिणारी माणसं थोडी होती.

संपादकाला लेखाचा प्रस्ताव पाठवताना "मला कोकणातल्या क्रिकेटवर लिहायला आवडेल" असं लिहू नका. कोण, कुठे, आत्ताच का, आणि तुम्ही कुणाकुणाशी बोलणार आहात हे सहा-सात ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा आणि मग दुसऱ्या ठिकाणी पाठवा. माझे सुरुवातीचे अकरा प्रस्ताव कुणी घेतले नाहीत. बारावा घेतला, आणि तो गावच्याच मैदानाचा होता.

बारावीनंतर जाऊ की पदवीनंतर?

पदवीनंतर. तीन वर्षांचा परदेशी खर्च आपल्याकडच्या बहुतेक घरांना झेपत नाही, आणि अठराव्या वर्षी हाताशी दाखवायला काम नसतं. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मास मीडियाची पदवी करता येते. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम आहे, आणि भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात. पदवी पत्रकारितेचीच हवी असंही नाही. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत सिव्हिल इंजिनिअर होते, आणि मराठी वाचकाला त्यांनी देशोदेशींची मैदानं दाखवली. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतलेल्या मुलांना आज डेस्कवर विशेष मागणी आहे, कारण खेळ आता आकड्यांतूनही लिहिला जातो.

कोणता देश निवडू?

क्रीडा पत्रकारिता हा स्वतंत्र विषय म्हणून शिकायचा असेल तर ब्रिटनमध्ये पर्याय जास्त आहेत. तिथे १९५१ पासून पत्रकारांच्या प्रशिक्षणाची एक राष्ट्रीय परिषद आहे. तिच्या नावाची आद्याक्षरं एन.सी.टी.जे. अभ्यासक्रमाला त्यांची मान्यता आहे का, हे आधी पाहा. त्या डिप्लोमात माध्यम कायदा, कारभाराची ओळख आणि बातमीलेखन असतं. शॉर्टहँडही शिकता येतं, मिनिटाला शंभर शब्दांचं. मी ते घेतलं. पत्रकार परिषदेत रेकॉर्डर बंद पडला तेव्हा शेजारचे सगळे माझ्या वहीकडे बघत होते. एक सावधगिरी बाळगा. काही छोटे, जलद अभ्यासक्रम उत्तम असतात, पण त्या संस्थेला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा पुरस्कृत करण्याचा परवाना आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

अमेरिकेत मिसूरीसारखी १९०८ पासूनची जुनी पत्रकारिता शाळा आहे आणि विद्यापीठांचा खेळ तिथे एवढा मोठा आहे की विद्यार्थी पत्रकाराला भरगच्च स्टेडियममध्ये काम करायला मिळतं. अडचण नंतर येते. पदवीनंतर कामाची परवानगी साधारण बारा महिने मिळते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जी दोन वर्षांची वाढ मिळते ती पत्रकारितेला सहसा लागू होत नाही. पुढचा कामाचा व्हिसा सोडतीवर. तरीही २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवा. १९०० च्या पॅरिसनंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येतंय, सामने पोमोना इथे, आणि क्रिकेट समजणारी माणसं तिथल्या संपादकांना शोधावी लागणार आहेत.

ऑस्ट्रेलियात शिकताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, पण व्हिसासाठी वर्षाच्या राहणीचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात.

आणि आखात. खेड, दापोली, राजिवडा, श्रीवर्धन इथल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, तरी पत्रकारितेचा विषय निघाला की मुलं लंडनचंच नाव घेतात. २००५ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं मुख्यालय दुबईत आहे. शारजात १९८४ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट होतंय. तिथल्या इंग्रजी दैनिकांच्या क्रीडा डेस्कवर भारतीय पत्रकार फार पूर्वीपासून आहेत. तिथे शिक्षणापेक्षा चार-पाच वर्षांचा अनुभव चालतो, राहायला मामा-काका असतो, आणि कर्जाशिवाय जाता येतं. लिहिण्याचे कायदे मात्र कडक आहेत, ते समजून घेऊनच जा. माझं मत विचाराल तर दापोली-खेडच्या मुलाने पहिला विचार आखाताचा करावा.

शिकता शिकता लिहून कमवता येईल ना?

ब्रिटनमध्ये नाही, आणि हा नियम बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतो. पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास नोकरी करता येते. स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. लेखागणिक पैसे घेणं, म्हणजे फ्रीलान्सिंग, हा स्वतंत्र व्यवसायच धरला जातो. मला पहिल्या दोन महिन्यांत एका वेबसाइटने सामन्यामागे मानधन देऊ केलं होतं. होकार कळवण्याच्या आदल्या दिवशी मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात विचारलं, तेव्हा हे समजलं. मी ते काम सोडलं आणि सुपरमार्केटमध्ये पगारी नोकरी घेतली. त्याच व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही. त्यामुळे क्लबात क्रिकेट शिकवून पैसे घ्यायचा विचार करत असाल तर तोही सोडा.

शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर फ्रीलान्सिंग चालतं. आजवर तो दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तो दीड वर्षाचा होतो. हिशोब त्या दीड वर्षाचाच करा. पुढे राहायचं तर कंपनीने पुरस्कृत केलेला व्हिसा लागतो आणि त्यासाठी वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांची आहे. तरुण नवख्यांना त्यात काही सूट आहे, तरी छोट्या वृत्तपत्राचा सुरुवातीचा पगार तिथपर्यंत पोचणं कठीण.

एकूण खर्च किती? आणि बागेवर कर्ज मिळेल का?

ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची फी परदेशी विद्यार्थ्याला साधारण १७ ते २८ हजार पौंड पडते. शिवाय राहणं-खाणं, विमान, व्हिसा, वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. सगळं मिळून पस्तीस ते पन्नास लाखांच्या घरात जातं. फी वगळता नऊ महिन्यांच्या राहणीची रक्कमही खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. शेजाऱ्याकडून चार दिवसांपुरते आणून ठेवलेले पैसे तिथे चालत नाहीत.

आता बागेचं. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सरकारी बँकांत तारणाशिवाय मिळू शकतं. त्याहून मोठ्या कर्जाला तारण मागतात, आणि बऱ्याच बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. त्यात आपल्याकडचा सातबारा. आजोबांच्या नावानंतर वारस नोंद झालेली नाही, भाऊबंदांची चौदा नावं, त्यातले चार मुंबईत, एक बडोद्याला. प्रवेश मिळालेली एक मुलगी केवळ सह्या गोळा होईनात म्हणून थांबलेली मी पाहिली आहे. तुम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला असाल तर वडिलांना तलाठ्याकडे घेऊन जा आणि नोंदी आत्ताच करून घ्या.

कलमं विकून जाऊ का, असं विचारणाऱ्याला मी नाही म्हणते. हे शिक्षण इतकं हमखास फळ देणारं नाही. पंचवीस वर्षांचं हापूसचं झाड दर मोसमाला काहीतरी देतं.

शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, आणि आपल्याकडची मुलं अर्जच करत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी वेगळी योजना आहे. म्हणजे कुणबी, भंडारी, गाबीत घरांतल्या मुलांनी ती जाहिरात वाचलीच पाहिजे. या योजनांना जागतिक क्रमवारीतली वरची विद्यापीठंच चालतात. शेफील्डसारखं विद्यापीठ त्यात बसतं, तर क्रीडा पत्रकारिता चांगली शिकवणारी काही छोटी विद्यापीठं बसत नाहीत. त्यामुळे आधी यादी, मग अर्ज.

ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेतला दोन वर्षांचा पत्रकारिता अभ्यासक्रम चालतो. त्यात निवडक विद्यार्थ्यांना महिन्याला १,४०० युरो मिळतात. अनुभवाचा मुद्दा दोन्हीकडे आहे, आणि तालुक्याच्या साप्ताहिकातलं काम इथे उपयोगी पडतं. संपादकाकडून तारखांसह पत्र घेऊन ठेवा.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी कमी पडेल का?

सुरुवातीला पडेल, नंतर नाही. पत्रकारितेला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण इतर विषयांपेक्षा जास्त मागतात, साधारण ७ ते ७.५. वर्षभर रोज एक वृत्तांत वाचा, मिटून ठेवा आणि आपल्या शब्दांत लिहून काढा. अवघड शब्द गोळा करत बसू नका. क्रियापदं पक्की करा. मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवलेलं वाक्य लांबतं, ते तोडायला शिका. उच्चारांची काळजी मात्र सोडा. डेस्कवर माझ्या शेजारी ग्लासगोचा एक सहकारी होता, पहिले तीन आठवडे मला त्याचं बोलणं कळत नव्हतं आणि लंडनच्या मंडळींनाही नीट कळत नव्हतं.

मी मुलगी आहे. घरचे म्हणतात, रात्रीअपरात्री मैदानात काय काम?

घरच्यांची भीती खोटी नाही, म्हणून तिला उडवून लावू नका. रात्रीचे सामने साडेबारा-एकला संपतात आणि शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. मी सुरुवातीला माझ्या चुलतभावाला सोबत न्यायचे. पुढे स्पर्धेचे आयोजकच सोडायला यायचे, कारण बातमी येते हे त्यांना कळलं होतं.

या धंद्यात बाईला दार उघडून घ्यावं लागलं आहे. १९७७ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये मेलिसा लुडकी या अमेरिकन पत्रकार तरुणीला खेळाडूंच्या खोलीत मज्जाव झाला. पुरुष पत्रकार तिथेच मुलाखती घेत होते. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी पत्रकार स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे शारदा उग्रा यांनी मुंबईतून सुरुवात करून देशातल्या मोठ्या प्रकाशनांत खेळावर लिहिलं. घरच्यांना त्यांचे लेख वाचायला द्या. माझ्या बाबांचं मत भाषणाने बदललं नाही, वाचल्यावर बदललं.

मोठ्या स्पर्धेचं अॅक्रेडिटेशन, म्हणजे पत्रकार म्हणून प्रवेशाचं कार्ड, कसं मिळतं?

प्रकाशनामार्फत. ऑलिंपिकचे पत्रकार कोटे देशाच्या ऑलिंपिक समितीकडून वाटले जातात, आपल्याकडे भारतीय ऑलिंपिक संघटना. फ्रीलान्सरला काम देणाऱ्या संपादकाचं पत्र लागतं. पैसे घेऊन विश्वचषकाचं कार्ड आणि व्हिसा देतो म्हणणारा एजंट भेटला तर उठून या.

मैदानातून फोनवर लाइव्ह स्कोअर कळवायचं काम आलंय, चांगले पैसे देतात. करू?

देणारा कोण आहे, स्कोअर कुठे छापला जातो, हे विचारा. समाधानकारक उत्तर नसेल तर करू नका. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं आणि त्या सेकंदांवर सट्टा चालतो, म्हणून मैदानातून बॉलमागे बॉल सांगणारा माणूस सट्टेवाल्यांना हवा असतो. २०२२ च्या जुलैत गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलिपूर गावात शेतात मैदान करून, मजुरांना सामन्यामागे चारशे रुपये देऊन चक्क खोटी आयपीएल खेळवली गेली. ती रशियातल्या सट्टेबाजांना दाखवली जात होती. आपल्या टेनिस बॉल स्पर्धाही आता यूट्यूबवर थेट दिसतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या दारात आहे. एकदा नाव सट्ट्याशी जोडलं गेलं की कोणताही संपादक दारात उभा करत नाही.

तिकडे नोकऱ्या आहेत का?

कमी होत आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये द अॅथलेटिक हे क्रीडा संकेतस्थळ विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचं क्रीडा डेस्कच बंद केलं. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकन क्रीडा नियतकालिकात २०२४ च्या सुरुवातीला मोठी कपात झाली. ज्या जागा आहेत त्या लाइव्ह ब्लॉग, व्हिडिओ, आकडेवारी आणि उपसंपादनाच्या. प्रेस बॉक्समध्ये बसून लिहिणारे थोडे, रात्रपाळीत स्क्रीनसमोर बसणारे जास्त. माझी दोन वर्षं त्यातच गेली आणि मी लिहायला तिथेच शिकले.

परत येणं म्हणजे हरणं, असं गावात मानतात. मी परत आले तेव्हा तीन संपादकांचे नंबर आणि पुढच्या कामाची खात्री घेऊन आले. आज तेच लोक मला इथून काम देतात. इंग्लंडमधल्या संध्याकाळच्या सामन्याला आपल्याकडे मध्यरात्र असते, त्यामुळे गावी असले तर इन्व्हर्टर भरून ठेवते आणि पावसाळ्यात रेंजसाठी शाळेच्या टेकावर जाते.

पासपोर्ट आत्ताच काढून ठेवू का?

हो, आणि त्याआधी जन्मदाखला, शाळेचा दाखला व आधार तिन्हींवरची नावं एकाच स्पेलिंगची आहेत का बघा. एकावर गाव, एकावर आडनाव, असा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तो दुरुस्त व्हायला महिने जातात. बातमीखाली जे नाव छापता तेही त्याच स्पेलिंगमध्ये छापा. विद्यापीठाला कात्रणं पाठवाल तेव्हा ती तुमचीच आहेत हे वेगळं सिद्ध करावं लागणार नाही.